शिस्त आपली होती की सिस्टिमची? – अबॅपमधून वेबकडे येताना

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण मी कोड वाचून दाखवणार नाहीये, त्यामुळे गाडी चालवताना ऐकत असाल तरी चालेल. विषय आहे सवयींचा. वर्षानुवर्षं एका पद्धतीने सॉफ्टवेअर बनवणारा माणूस वेबच्या जगात येतो, तेव्हा त्याच्या जुन्या शिस्तीचं काय होतं? माझ्या शिस्तीचं काय झालं ते सांगतो. त्यात माझी एक चूक आहे, आणि त्या चुकीचं खापर मी आधी दुसऱ्याच्याच डोक्यावर फोडलं होतं. तेही सांगणार आहे.

थोडी पार्श्वभूमी

मी अबॅप डेव्हलपर. अबॅप ही एसएपीची स्वतःची प्रोग्रॅमिंगची भाषा. एसएपी ही १९७२ साली सुरू झालेली जर्मन कंपनी. कारखान्याची खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब, पगार हे सगळं एकाच सिस्टिममध्ये बसवणारं सॉफ्टवेअर ती बनवते. १९९२ मध्ये त्यांचं आर/३ आलं आणि मोठमोठ्या कंपन्यांनी ते घेतलं. पुण्यात चाकण, भोसरी, रांजणगाव पट्ट्यात एसएपीवर चालणारे कारखाने भरपूर, आणि हिंजवडी, खराडीत एसएपीवर काम करणारी माणसंही भरपूर. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण त्यातलेच असणार.

आमच्या जुन्या जगात सगळा कोड सर्व्हरवर. एसई८० उघडायचं, प्रोग्रॅम लिहायचा, ॲक्टिव्हेट करायचा. युझरला त्या करड्या रंगाच्या खिडक्या आणि वर ट्रान्झॅक्शन कोडची चौकट. दिसायला साधं, पण भक्कम.

मग २०१३ मध्ये फिओरी आलं. म्हणजे एसएपीचे स्क्रीन ब्राउझरमध्ये, मोबाइलवर, टॅबवर. खाली यूआय५ नावाची जावास्क्रिप्टची लायब्ररी. त्याच वर्षाच्या शेवटी तिचा मोठा भाग ओपनयूआय५ म्हणून खुला झाला. २०१५ मध्ये एस/४हाना आलं आणि मग आमच्या लक्षात आलं की आता सुटका नाही, जावास्क्रिप्ट शिकावंच लागणार. आम्ही शिकलोही. भाषा शिकणं त्या मानाने सोपं होतं. अवघड काय होतं ते मला एका शनिवारी कळलं.

तो शनिवार

चाकणच्या एका कंपनीचं काम होतं. नाव घेत नाही, त्यांची काही चूकही नव्हती. गोदामात माल आला की टॅबवर नोंद करायची, असं छोटंसं ॲप आम्ही केलं होतं. खोक्यांतली संख्या टाकायची, खाली एकूण दिसणार, बटण दाबलं की बॅकएंडला माल जमा. मार्चचा शेवटचा आठवडा. वर्षअखेर म्हटल्यावर साठ्याचा आकडा किती नाजूक असतो ते अकाउंट्सवाल्यांना विचारा.

बुधवारी चाचणीत एक दोष सापडला. एका खोक्यात १२ नग, दुसऱ्यात ८, तर एकूण यायला हवे २०. स्क्रीनवर येत होते १२८. वेबवाल्यांना कारण लगेच कळलं असेल. इनपुटच्या चौकटीतून जे येतं ते जावास्क्रिप्टच्या दृष्टीने अक्षरं असतात, आकडा नव्हे. त्यामुळे अधिकचं चिन्ह बेरीज करत नाही, दोन्ही शेजारी शेजारी चिकटवतं.

आमच्या टीममध्ये दोन वर्षांच्या अनुभवाची एक मुलगी होती. तिने गुरुवारी ते दुरुस्त केलं, डेव्हलपमेंट सिस्टिमवर टाकलं, मी स्वतः तपासलं. गोदामातल्या काकांनाही त्याच सिस्टिमवर स्क्रीन शेअर करून दाखवलं. काका म्हणाले, "आता झ्याक."

शुक्रवारी क्लायंटचा निरोप आला, एका लेबलवरचा मजकूर बदला. एका ओळीचं काम, म्हणून मीच केलं. माझ्या लॅपटॉपवर ॲप होतंच, मजकूर बदलला, अपलोड केलं. ट्रान्सपोर्ट रिलीज केला. क्वालिटीत परत कोण तपासणार, फक्त लेबलच तर बदललंय! रात्री प्रॉडक्शनला गेलं.

शनिवारी सकाळी काकांचा फोन. "साहेब, गुरुवारी नीट केलं होतं ना? परत विसाच्या जागी एकशेअठ्ठावीस दाखवतंय. आणि पोरांनी चार-पाच नोंदी तशाच करून टाकल्यात."

पाचावर धारण बसली. बॅकएंडने तरी अडवायला हवं होतं ना? पण पुरवठादाराबरोबरचा करार मोठ्या संख्येचा होता, शिल्लक भरपूर होती, त्यामुळे त्याला १२८ मध्ये काही वावगं वाटलं नाही. चुकीचा साठा जमा झाला. १०१ ने आत आलेला माल १०२ ने एकेक करून उलटवायचा आणि परत बरोबर आकड्याने घ्यायचा, यात काकांचा आणि आमच्या फंक्शनल कन्सल्टंटचा सगळा शनिवार गेला.

मी काय केलं? कॉलवर सात-आठ जण होते. सगळ्यांसमोर त्या मुलीला बोललो. "तुम्ही वेबवाली मुलं नीट तपासत नाही. अबॅपमध्ये आमच्याकडून असं कधी झालं नाही."

ती शांतपणे म्हणाली, "सर, मी गुरुवारीच टाकलं होतं. तुम्हीच तपासलं होतं."

मग पाहिलं, शेवटचं अपलोड कुणाच्या नावावर आहे. माझ्या. माझ्या लॅपटॉपवर ॲपची बुधवारची प्रत होती. तिची दुरुस्ती माझ्याकडे आलेलीच नव्हती. मी लेबल बदललं आणि अख्खं ॲप वर चढवलं, त्यात तिची दुरुस्ती पुसली गेली. चूक माझी आणि बोंबही माझीच. त्याच कॉलवर, सगळ्यांसमोर, तिची माफी मागितली. बोललो चारचौघांत, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी होती.

मग शिस्त गेली कुठे?

रविवारी घरी बसून विचार केला. इतकी वर्षं अबॅपमध्ये असं खरंच कधी झालं नव्हतं, ही काही बढाई नव्हती. पण का झालं नव्हतं?

कारण अबॅपमध्ये प्रोग्रॅमची प्रत एकच असते, सर्व्हरवर. मी तो उघडला की तिला एडिटरमध्ये बदलता येत नाही. ती उघडते तेव्हा तिला ताजाच कोड दिसतो. जुनी प्रत वर चढवायची म्हटलं तरी मुद्दाम खटाटोप करावा लागतो. मी शिस्तीत होतो कारण सिस्टिम मला बेशिस्त होऊ देत नव्हती. ते कुलूप सिस्टिमचं होतं, आणि मी समजत होतो की सवय माझी आहे.

यूआय५ मध्ये प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळी प्रत. आमच्या दोघांचा ट्रान्सपोर्ट एकच होता, त्यामुळे अपलोड करतानाही कुणी अडवलं नाही. आमच्या पद्धतीत जो शेवटी अपलोड करेल त्याचं खरं.

आज सांगायचं आहे ते एवढंच, मंडळी. जुन्या सिस्टिममधून वेबवर येताना आपण भाषा शिकतो, फ्रेमवर्क शिकतो. पण जुनी सिस्टिम आपल्यासाठी मुकाट्याने जी कामं करत होती, त्यांची यादी कुणी करत नाही. ती यादी करायची, आणि वेबच्या बाजूला तेच काम आता कोण करणार हे एकेका ओळीपुढे लिहायचं. सोमवारी आम्ही व्हाइटबोर्डवर तेच केलं.

पहिली ओळ: एकच खरी प्रत

अबॅपमध्ये हे काम सर्व्हर करत होता. वेबवर ते गिट करतं. गिट २००५ पासून आहे आणि आमच्याकडेही ते होतं, पण 'बॅकअप'सारखं. आठवड्यातून एकदा आठवण झाली की ढकलायचं. सोमवारपासून नियम केला, लॅपटॉपवरून थेट अपलोड बंद. गिटच्या मुख्य शाखेत जे आहे तेच सर्व्हरवर जाणार, आणि तेही स्क्रिप्टने. मुख्य शाखेत जायचं तर दुसऱ्या कुणीतरी पाहिलेलं असलं पाहिजे. मी सिनियर असलो तरी माझा कोडसुद्धा. पहिल्या महिन्यात माझा कोड पाहायचं काम त्या मुलीकडेच दिलं. तिने पहिल्याच दिवशी माझे तीन दोष काढले.

दुसरी ओळ: प्रकारांची तपासणी

अबॅपमध्ये डेटा डिक्शनरी असते. प्रमाण म्हणजे प्रमाण, रक्कम म्हणजे रक्कम, किती अंक, किती दशांश, सगळं ठरलेलं. पैशांसाठी पॅक्ड डेसिमल हा वेगळा प्रकारच आहे. जावास्क्रिप्टमध्ये आकडा म्हणजे बायनरी फ्लोटिंग पॉइंट. ०.१ अधिक ०.२ करून पाहा, ०.३ येत नाही, शेपटीला भलामोठा आकडा लागतो. ओडेटाच्या दुसऱ्या आवृत्तीत तर बॅकएंडकडून येणारा दशांश आकडाही जेसनमध्ये अक्षरांच्या रूपात येतो. म्हणजे १२८ चा घोळ तिथूनही येऊ शकतो.

आम्ही नवीन ॲप्स टाइपस्क्रिप्टमध्ये घेतली. आणि एक साधा नियम, पैशांचा किंवा साठ्याचा शेवटचा हिशेब स्क्रीनवर करायचा नाही. स्क्रीनवरची बेरीज डोळ्यांच्या सोयीसाठी, खरी बेरीज बॅकएंडची. १२ आणि ८ चे २०च होतात, अशी एक छोटी क्यूयुनिट चाचणी लिहून ठेवली. ती पास झाल्याशिवाय अपलोड होतच नाही.

तिसरी ओळ: परवानगी

अबॅप शिकताना पहिल्या आठवड्यात घोकून घेतात की ऑथॉरिटी चेक विसरायचा नाही. पण यूआय५ मध्ये आल्यावर आमच्याच एका ॲपमध्ये काय झालं होतं? अधिकार नसेल तर 'मंजूर करा' हे बटण लपवलं होतं, आणि सगळ्यांना वाटलं की काम झालं. बटण लपलं म्हणून दार बंद होत नाही. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबलं की कोणत्या पत्त्यावर काय जातंय ते कुणालाही दिसतं. तीच विनंती हाताने पाठवली तर? सुदैवाने हे आम्हाला यादी करतानाच सापडलं. ओडेटा सर्व्हिसमध्ये तपासणी घातली. जुनी शिस्त इथे जशीच्या तशी लागू पडते, फक्त ती कुठे बसवायची ते विसरायचं नाही.

साय-सबआरसीचंही तसंच. अबॅपवाल्यांना माहितीये, डेटाबेसमधून काही वाचलं की लगेच साय-सबआरसी तपासायचा, मिळालं की नाही ते बघायचं. जावास्क्रिप्टमध्ये आमचे लोक यशाचा रस्ता लिहायचे आणि अपयशाचा सोडून द्यायचे. गोदामात वाय-फाय गेलं की स्क्रीन नुसता गप्प. काका बटण दाबत बसायचे, पुन्हा पुन्हा. मग मी टीमला म्हटलं, प्रत्येक विनंतीला तिचा साय-सबआरसी असतो असं समजा. ही उपमा जुन्या लोकांना पटकन कळली.

चौथी ओळ: बाहेरचा माल

अबॅपमध्ये बाहेरून काही आणायचंच नसायचं. एसएपीने दिलेलं वापरा, किंवा झेड लावून स्वतःचं लिहा. वेबवर एका ओळीत एनपीएमवरून पॅकेज येतं, त्याबरोबर त्याची शेकडो पिल्लं येतात. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं, आणि जगभरातल्या प्रोजेक्टांची बिल्ड धडाधड पडली. ११ ओळी! डावीकडे शून्यं जोडायचं काम. अबॅपवाल्यांना तर ते पाठच असतं, मटेरियल नंबरपुढे शून्यं लावण्यात आमची निम्मी हयात गेलीये.

म्हणून लॉक फाइल गिटमध्ये ठेवायची. नवीन पॅकेज घ्यायचं तर दोन प्रश्न विचारायचे, हे आपल्याला दहा ओळींत लिहिता येईल का, आणि पाच वर्षांनी याची काळजी कोण घेणार? एंटरप्राइझ सॉफ्टवेअर दहा-पंधरा वर्षं चालतं. फॅशन म्हणून घेतलेलं पॅकेज तेवढं टिकत नाही.

आणि काही सवयी सोडाव्या लागल्या

आता उलट बाजू. सगळंच जुनं सोनं नसतं. आमच्या काही सवयी वेबवर अंगाशी आल्या.

एक म्हणजे कुलपाची सवय. जुन्या सिस्टिममध्ये मी खरेदीची ऑर्डर बदलायला उघडली की ती माझ्या नावाने लॉक, दुसऱ्याला थांबावं लागतं. एसएम१२ मध्ये कोण अडवून बसलंय ते दिसतं. वेबवर माणूस टॅब उघडा ठेवून जेवायला जातो, किंवा न सांगता बंद करतो. तिथे लॉक धरून ठेवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. तिथे ईटॅग वापरतात. रेकॉर्ड वाचताना त्याची खूण मिळते, जतन करताना ती परत पाठवायची, आणि मधल्या काळात दुसऱ्याने बदल केला असेल तर सर्व्हर ४१२ म्हणून नकार देतो. युझरला सांगायचं, "कुणीतरी बदल केलाय, पुन्हा बघून घ्या." काम तेच, रीत वेगळी. आणि गंमत पाहा, माझ्या त्या शुक्रवारच्या अपलोडलाही असाच कुणीतरी नकार द्यायला हवा होता.

दुसरी सवय, एकाच मोठ्या प्रोग्रॅमची. तीन हजार ओळींचा रिपोर्ट आम्ही अभिमानाने दाखवायचो. तीच सवय यूआय५ च्या कंट्रोलरमध्ये उतरली, सगळं एकाच फाइलमध्ये. चाचणी लिहायला गेलो तेव्हा कळलं, त्याला हातच लावता येत नाही. बेरीज, तारखा, नियम हे सगळं छोट्या छोट्या फाइल्समध्ये काढलं, मग चाचण्या लिहिता आल्या.

तिसरी, 'एकदा केलं की झालं' ही सवय. अबॅपमधला रिपोर्ट पंधरा वर्षं हात न लावता चालतो. वेबखाली जमीन हलत असते. २०२१ मध्ये क्रोमची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी यायला लागली. यूआय५ मध्येही जुन्या गोष्टी मागे पडतात. जेक्वेरी डॉट सॅपने सुरू होणारी जी फंक्शन्स आम्ही सर्रास वापरली, ती १.५८ आवृत्तीपासून जुनी ठरवली गेली. म्हणून दर तिमाहीला दोन दिवस फक्त डागडुजीसाठी ठेवतो. मॅनेजरना पटवायला वेळ लागला. मी त्यांना म्हटलं, "सर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी करतात, पाणी गळायला लागल्यावर नाही."

तरुण मंडळींसाठी

ऐकणाऱ्यांत वेबवरूनच सुरुवात केलेली मुलं-मुलीही असतील. तुम्हाला वाटत असेल, गिट, रिव्ह्यू, चाचण्या हे तर आम्हाला पहिल्या दिवसापासून माहितीये. बरोबर. पण तुमच्याकडे नसलेलं काहीतरी त्या जुन्या लोकांकडे आहे. चुकीचा आकडा प्रॉडक्शनला गेला की गोदामातल्या माणसाचा शनिवार कसा जातो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. डेव्हलपमेंट, क्वालिटी, प्रॉडक्शन या तीन पायऱ्या त्यांना कंटाळवाण्या वाटत नाहीत, कारण पायरी चुकवली की काय होतं ते त्यांना माहीत असतं. मला माहीत होतं, तरी मी 'फक्त लेबल' म्हणून चुकवलीच. तेव्हा त्यांच्याकडून ते घ्या, आणि त्यांना गिट शिकवा. देवाणघेवाण दोन्हीकडून चालू आहे. आता अबॅपवालेही अबॅपगिट वापरून आपला कोड गिटमध्ये ठेवतात.

जाता जाता

एक काम देतो. पुढच्या आठवड्यात टीमबरोबर अर्धा तास बसा. बोर्डावर मधोमध एक रेघ मारा. डावीकडे लिहा, जुनी सिस्टिम आपल्यासाठी न सांगता काय काय करत होती. उजवीकडे, आता ते कोण करतंय. उजवीकडची जी जागा रिकामी राहील, तिथे तुमचा शनिवार लपलेला आहे.

आमच्या बोर्डावर पहिल्या दिवशी चार जागा रिकाम्या होत्या. आता एक आहे, तिच्यावर काम चालू आहे. ती मुलगी आता टीम लीड आहे. ते ॲप अजून चालतंय. गेल्या मार्चअखेरीला काकांचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. पण ते म्हणाले, "काही नाही साहेब, सगळं बरोबर आहे. सांगायला फोन केला."

तुमच्या बोर्डावर काय रिकामं निघालं ते नक्की कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत नमस्कार, आणि शुक्रवारी संध्याकाळी काही अपलोड करू नका!